मामाजींचा पाय आणि शेगावची पायदळ वारी

पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. माझे सासरे बासष्ट वर्षांचे आहेत, आठ वर्षांपासून शुगर आहे. तीन आठवड्यांपूर्वी तूर सोंगताना तुरीचा खुंट चपलेतून आरपार जाऊन उजव्या पायात घुसला. त्यांनी तो स्वतःच ओढून काढला, वर माती दाबली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. रात्री बिब्बा गरम करून लावला, दुसऱ्या दिवशी चुना-गूळ. आता छिद्र वरून बुजल्यासारखं दिसतं, पण अंगठ्याच्या खाली तळव्याला घट्टा पडला आहे आणि त्यातून पाणी येतं. अंथरुणाला डाग पडतात. माझा मुलगा आजोबांजवळ झोपतो, तो म्हणतो वास येतो. पाय थोडा सुजला आहे. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणतात, "मले दुखतच नाही तं कायले जाऊ?" शुगरच्या गोळ्या दिवाळीपासून बंद आहेत, कारण तेव्हा तपासणी नॉर्मल आली होती. सध्या कारल्याचा रस घेतात. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावलं.

प्रगट दिनासाठी आमच्या गावातून शेगावला पायदळ दिंडी जाते, सहा मुक्काम असतात. अकरा वर्षांत मामाजींची एकही वारी चुकली नाही, यंदाही नाव दिलं आहे. जाऊ द्यावं का? मी सून, मी किती बोलणार?

जाता जाता विचारते, आत्याबाईंची टाच सकाळी उठल्या उठल्या फार दुखते. आणि माझ्या टाचांच्या भेगांतून रक्त निघतं. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या वेगळ्याच.

— एक सून, यवतमाळ जिल्हा

उत्तर

ताई, तुमचं पत्र काल रात्री वाचलं आणि रांगेतली बाकीची पत्रं बाजूला ठेवली. मामाजींना यंदा पायदळ पाठवायचं नाही. दिंडी तर लांबच राहिली, उद्या सकाळी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचं. चालत बस स्टँडवरसुद्धा नाही. मधल्या काळात ताप आला, थंडी वाजली, पाय लाल होऊन लाली घोट्याकडे चढायला लागली किंवा एखादं बोट काळं-निळं दिसलं, तर उद्याचीही वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त घाबरवणारं वाक्य वासाचं नाही, पाणी येण्याचंही नाही. ते मामाजींचं आहे: "मले दुखतच नाही."

तुरीचा खुंट म्हणजे काय हे मला माहीत आहे. विळ्यानं तिरपा कापलेला, वाळून भाल्यासारखा झालेला. तो चप्पल फोडून तळव्यात गेला तर धडधाकट माणूस बांधावर बसून राहतो, पुढचे आठ दिवस पाय टेकत नाही. आणि हा माणूस खुंट उपटून दिवस मावळेपर्यंत तूर सोंगतो. यात सहनशक्ती नाही ताई, त्यांच्या पायाला कळतच नाही. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की नसा निकामी होत जातात. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. आधी मुंग्या येतात, तळवे जळजळतात, रात्री गादीवर चालल्यासारखं वाटतं. मग एक दिवस तेही थांबतं, आणि माणसाला वाटतं बरं वाटायला लागलं.

दुखणारा पाय माणूस लंगडत टाकतो. लंगडणं म्हणजेच त्या पायाला आराम. मामाजी लंगडत नाहीत. म्हणजे गेले तीन आठवडे प्रत्येक पावलाला त्यांच्या अंगाचा भार बरोबर त्या छिद्रावर पडतोय. वरचा घट्टा त्याच भारानं पडला आहे. तो झाकण आहे, जखम भरल्याची खूण नाही. खाली पू साचतो आणि वाट मिळेल तिकडे सरकतो, कधी कधी हाडापर्यंत.

मी नवीन असताना एक शेतकरी काका ओपीडीत आले होते, बायकोच्या डोळ्यातलं दाखवायला. बसताना त्यांची चप्पल निघेना. आम्ही ओढली तर पायासकट वर आली. सोलमधून एक इंचाचा खिळा टाचेत शिरलेला होता आणि काका गावावरून तसेच चालत आले होते. "कधी लागला?" विचारलं तर म्हणाले, "काय मालूम, बाप्पा." त्या दिवसानंतर शुगरचा पेशंट कशासाठीही आला तरी मी आधी त्याच्या चपला काढायला लावते.

आपल्या विदर्भाला ही गोष्ट नवी नसावी. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून आणि वरोऱ्याला आनंदवनात १९४९ पासून कुष्ठरोग्यांचं काम चालत आलं आहे. या रोगानं बोटं आपोआप झडतात असंच लोक मानायचे. तमिळनाडूत वेल्लोरला शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईनं पाहून दाखवलं, की मांस रोगानं सडत नाही. स्पर्श गेलेला असतो, म्हणून माणूस गरम भांडं धरून ठेवतो, फोडावर चालत राहतो, रात्री उंदीर बोट कुरतडतो तरी जाग येत नाही. बोटं जातात ती अशा दुर्लक्षित जखमांनी. शुगरनं बधिर झालेल्या पायाचंही नेमकं हेच होतं. उंदराची गोष्ट जुन्या काळातली समजू नका, सकाळी अंगठ्याला रक्त दिसलं आणि कसं आलं ते सांगता येत नाही, असे शुगरचे पेशंट आजही येतात. (अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा. बधिर पायाचं कारण दर वेळी शुगरच असतं असं नाही, आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात.)

आता तुमचा खरा प्रश्न. सून म्हणून किती बोलणार? बोलूच नका. नातवाला बोलू द्या.

आज संध्याकाळी मामाजी खाटेवर आडवे झाले की मुलाला म्हणा, आजोबांशी खेळ. आजोबांनी डोळे मिटायचे. यानं आपल्या बोटाचं टोक त्यांच्या पायाच्या बोटाच्या शेंड्याला अलगद लावायचं, एक-दोन सेकंद, बस. दाबायचं नाही, गुदगुल्या नाहीत, टोचायचं नाही. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा ठिकाणं, उलटसुलट क्रमानं. हात लागला असं वाटलं की आजोबांनी कोणता पाय ते सांगायचं, उजवा की डावा. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची जाणीव गेली असं धरतात. ही पोराटोरांची गंमत नाही, डॉक्टरही ही चाचणी वापरतात, हिला कसलंच यंत्र लागत नाही. जखमेच्या पायाला हात लावण्याआधी आणि नंतर मुलाला साबणानं हात धुवायला लावा, आणि जखमेला हात नको. मामाजी दोन-तीनदा चुकले की समोर बसलेल्या तुमच्या मालकांनी एवढंच म्हणायचं, "बाबा, पोराचा हात लागलेला समजला नाही तुम्हाला. मग खुंट कसा समजन?" माझा अनुभव असा, की डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या भाषणानं जे होत नाही ते नातवाच्या बोटानं होतं.

दवाखान्यात नेईपर्यंत काय करायचं तर फार काही नाही. स्वच्छ पाण्यानं आणि साध्या साबणानं पाय धुवा, टिपून कोरडा करा, वर मेडिकलमधली गॉज पट्टी किंवा धुतलेलं सुती फडकं सैल बांधा. हळद, चुना, तंबाखू, राख, रुईचा चीक, काही नको. बिब्ब्याबद्दल मला जरा रागानंच लिहावं लागेल. बिब्ब्याच्या तेलानं चांगली कातडी फोडाफोडांनी भाजते. ज्याला जाणीव आहे तो "अगागा" करून पुसून टाकतो. मामाजींना ते भाजणं कळलंच नसणार. म्हणजे खुंटाच्या जखमेवर भाजल्याची दुसरी जखम. कुरूप काढायच्या ज्या औषधी पट्ट्या मिळतात त्यांचंही तेच, त्यात कातडी खाणारं आम्ल असतं. शुगरच्या पायाला त्या लावायच्या नाहीत. आणि घट्टा ब्लेडनं कापायचा नाही, तो काम जाणणाराच काढील.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं तरी ते बहुधा यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला पाठवतील. कंटाळून परत फिरू नका. तिथे घट्टा काढून जखमेची खोली बघतील, हाडाला लागतं का ते बघतील, पायाच्या पंजावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपतील. नाडी लागत नसेल तर रक्तपुरवठाच कमी आहे, मग उपचाराची दिशा बदलते. मामाजी खर्रा खातात का हे तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे विचारायची गरज पडत नाही. खर्रा आणि बिडी दोन्ही डॉक्टरांना खरं सांगा. बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हळूहळू बंद होतात, खर्ऱ्यातल्या तंबाखूतही तेच निकोटिन आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, भरती करावं लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागेल.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, तेही पत्रात नाही. आपल्या देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. मामाजी तेव्हा चांगले पंधराएक वर्षांचे असणार. बायकांना बाळंतपणात तरी ही सुई मिळते, या वयाच्या पुरुषांपैकी अनेकांनी ती आयुष्यात कधीच पूर्ण घेतलेली नसते. मातीची, खोल, लाकडाची जखम आहे. "तीन आठवडे होऊन गेले, आता काय" असं म्हणू नका, डॉक्टरांना आवर्जून विचारा.

गोळ्यांचं ऐकून तर मी कपाळाला हात लावला. दिवाळीला शुगर नॉर्मल आली ती गोळ्या चालू होत्या म्हणून. शेताला तारेचं कुंपण आहे म्हणून रानडुकरं आत येत नाहीत. आता येत नाहीत बुवा, असं म्हणून कुंपण काढणारा शेतकरी दारव्हा तालुक्यात सापडेल का? कारल्याचा रस आवडत असेल तर घेऊ द्या, पण तो गोळ्यांच्या जागी चालत नाही. जुन्या गोळ्या मात्र स्वतःहून परत सुरू करू नका, आतमध्ये पू असताना शुगर फार वर गेलेली असू शकते आणि काही दिवस इन्सुलिन लागू शकतं. ते लागलं म्हणजे कायमचं लागलं असं नसतं. आणि त्या दोन सलाईनच्या बाटल्यांत काय होतं ते जरा विचारून घ्या. अशक्तपणा म्हणून गावोगाव जी बाटली चढवतात तिच्यात पुष्कळदा ग्लुकोजच असतं. शुगरच्या माणसाला पैसे देऊन साखर पाजल्यासारखं झालं.

यातून पाय वाचेल का, हे तुम्ही विचारलं नाही पण मनात असणार. तीन आठवड्यांवर नेताय, बोटं काळी नाहीत, ताप लिहिलेला नाही. हाडापर्यंत गेलं नसेल आणि रक्तपुरवठा चांगला असेल तर बहुतेक पाय वाचतात. पण तळव्याची अशी जखम भरायला दीड-दोन महिने, कधी तीन लागतात, आणि त्या काळात औषधापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे त्या पायावर भार न देणं. संडासला जातानासुद्धा. त्यासाठी पायाला विशिष्ट प्लास्टर घालतात किंवा जखमेची जागा अधांतरी राहील अशी चप्पल देतात. ते प्लास्टर मामाजी कंटाळून चौथ्या दिवशी विळ्यानं कापतील, हे मी आत्ताच लिहून ठेवते. तेव्हा लक्ष असू द्या.

जखम भरल्यावरही सुट्टी नाही. अशा बऱ्या झालेल्या शंभरांतल्या सुमारे चाळीस जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते. म्हणून रोज रात्री दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात तळवा बघायचा, नातू आहेच मदतीला. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, तळव्याला खोबरेल लावायचं पण बेचक्यांत नाही. चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवायचा आणि झटकायची. टाचेला मागून पट्टा असलेली, मऊ सोलची चप्पल घ्या, अंगठ्याची रबरी चप्पल शेतात नकोच. कुष्ठरोगाच्या कार्यक्रमात बधिर पायांसाठी एमसीआर (बारीक छिद्रांच्या, मऊ) रबराच्या चपला देतात, तसा सोल जाणणारा चांभार मिळाला तर त्याच्याकडून बसवून घ्या. आणि सध्या थंडी आहे म्हणून मुद्दाम सांगते, शेकोटीजवळ पाय नाही. गरम पाण्याच्या बादलीत पाय नाही. पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून दुसऱ्यानं बघायचं. दर जानेवारीत शेकोटीनं तळवे भाजलेला एक तरी शुगरचा म्हातारा माझ्याकडे येतो, आणि तो दर वेळी हेच म्हणतो, की कळलं नाही.

आत्याबाईंच्या टाचेचं सोपं आहे. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना कळ, चार पावलं चालल्यावर कमी, दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी परत: हा तळव्याच्या ताठ पडद्याचा त्रास. एक्स-रे काढला तर "हाड वाढलंय" म्हणतील, त्याला घाबरू नका. तसं हाड टाच न दुखणाऱ्या कित्येकांनाही असतं. घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद, मऊ चप्पल घरातही. अंथरुणातून उठण्याआधी टॉवेल पंजात अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा, अर्धा मिनिट, पाच-सहा वेळा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. गुण यायला महिने लागतात, पण बहुतेकांना येतो. त्यांची शुगरही एकदा तपासून घ्या. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा.

तुमच्या भेगांना रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवून वजरीनं हलक्या हातानं घासायचं, पाय ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा युरियाचं मलम जाड लावायचं आणि सुती मोजे घालून झोपायचं. (हा पाय भिजवायचा उपाय तुमच्यासाठी आहे, मामाजींसाठी नाही.) रक्त निघतंय तोवर फवारणीच्या रानात अनवाणी जाऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यानं फवारणीच्या विषबाधेत काय भोगलं ते तुम्हाला मी सांगायला नको, फुटलेल्या कातडीतून औषध आणखी सहज आत जातं. चिखल्यांना क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम पुरतं, फक्त बरं वाटल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवा. मेडिकलवाला "तीन औषधं एकात" असलेली ट्यूब देईल, ती घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवस खाज थांबते आणि नंतर बुरशी फोफावते.

राहिली वारी. अकरा वर्षांची सवय आहे, हे मी हलकं समजत नाही. दिंडीवाल्यांची सामानाची गाडी असतेच. पण या वर्षी जखम उघडी असेपर्यंत तीही नको, कारण मुक्कामाला पोहोचल्यावर मामाजी गाडीत बसून राहणार नाहीत, पंगत वाढायला उभे राहतील. प्रगट दिन होऊन जाऊ द्या. जखम भरली की एसटीनं घेऊन जा, सोबत नातू न्या. दिंडीप्रमुखांनी स्वतः येऊन "भाऊ, पुढच्या वर्षी" म्हटलं तर मामाजींना ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर पटेल. तुमच्या मालकांना आजच दिंडीप्रमुखांकडे पाठवा.

आणि उद्या निघताना खुंट घुसलेली ती चप्पल पिशवीत घालून घ्या, फेकली नसेल तर. खुंट रबरातून आत गेला की रबराचा कपचा आणि लाकडाचा तुकडा सोबत आत जाऊन राहू शकतो. कोरडं लाकूड एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. डॉक्टरांना चपलेचं भोक दाखवा, त्यातला रबराचा तुकडा गायब आहे का ते त्यांना बघू द्या, आणि सोनोग्राफी करायची का ते विचारा.